एकाच सीमेवरची दोन नाणी : फिनलंड, स्वीडन आणि युरो

बॉथनियाच्या आखाताच्या अगदी उत्तर टोकाला, टॉर्न नदीच्या मुखाशी, दोन गावे एकमेकांना खेटून वसलेली आहेत. टॉर्निओ फिनलंडचे, हापारांडा स्वीडनचे. मधली सीमा चालत ओलांडता येते. ती ओलांडली की घड्याळ एका तासाने बदलते आणि अधिकृत चलनही बदलते. टॉर्निओत युरो, हापारांडात क्रोना.

१८०९ पर्यंत हे दोन्ही काठ एकाच राज्यात होते. त्या वर्षी स्वीडनने फिनलंड रशियाच्या झारला गमावला आणि ही सीमा जन्माला आली. पुढे जवळपास दोन शतकांनी, १ जानेवारी १९९५ रोजी, दोन्ही देश एकाच दिवशी युरोपीय संघात दाखल झाले. दोघांकडे जंगले, दोघांकडे कागदाचे कारखाने, दोघांकडे जगभर नाव असलेली एकेक टेलिफोन कंपनी. दोघांनीही नुकतीच भीषण मंदी सोसलेली. तरीही चार वर्षांनी एकाने आपले चलन सोडले आणि दुसऱ्याने राखले.

एकाच प्रश्नाला दोन शेजाऱ्यांनी दोन उत्तरे दिली आणि मग काळाने दोन्ही उत्तरे तपासली, असे इतिहासात क्वचित घडते. त्याविषयी हा सविस्तर धागा.

आधी तो प्रश्न नीट समजून घ्यायला हवा. १९६१ मध्ये रॉबर्ट मंडेल या तरुण कॅनेडियन अर्थशास्त्रज्ञाने एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. त्याचा विषय असा, की एका चलनाचा प्रदेश नेमका केवढा असावा? मंडेल यांनी उदाहरण घेतले ते उत्तर अमेरिकेचे. समजा, पूर्व भागात मोटारी बनतात आणि पश्चिम भागात इमारती लाकूड. उद्या लोकांना लाकूड नकोसे झाले आणि मोटारी हव्याशा झाल्या, तर पश्चिमेत बेकारी येईल आणि पूर्वेत महागाई. दोन्ही भागांचे चलन एकच असेल, तर मध्यवर्ती बँकेने करायचे काय? व्याजदर उतरवले तर पूर्वेची महागाई भडकते. चढवले तर पश्चिमेची बेकारी वाढते.

पश्चिमेचे चलन वेगळे असते तर त्याची किंमत घसरली असती, लाकूड परदेशी गिऱ्हाइकाला स्वस्त पडले असते आणि कारखाने तगले असते.

आता दुसरी शक्यता. समजा, तेल महागले आणि पूर्व-पश्चिम दोन्ही भाग सारखेच होरपळले. तेव्हा एकमेकांच्या तुलनेत चलन स्वस्त करून कोणाचाच लाभ नाही. एकच बँक, एकच व्याजदर, एकच औषध सर्वांना लागू पडते. म्हणजे चलनसंघात शिरावे की नाही, हे धक्का किती मोठा आहे यावर ठरत नाही. तो सर्वांचा मिळून आहे की एकट्याचा, यावर ठरते. पहिल्याला सामायिक धक्का म्हणू. दुसऱ्याला, आपल्या भाषेत एकांडा शिलेदार असतो तसा, एकांडा धक्का म्हणू.

मंडेल यांच्या उदाहरणात लाकूड असावे, हा योगायोग मोठा सूचक आहे. कारण फिनलंडची सारी आर्थिक कहाणीच लाकडाची आहे.

फिनलंडचे चलन मार्का. १८६० मध्ये, देश अजून झारच्या अमलाखाली असतानाच, त्याला हे वेगळे नाणे मिळाले. एका रुबलला चार मार्का. साम्राज्याच्या एका प्रांताला स्वतःचे चलन मिळणे ही लहान गोष्ट नव्हती. स्वातंत्र्य आले १९१७ मध्ये. नाणे त्याच्या अर्धशतक आधीच आले होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर या मार्काला एक विशिष्ट सवय जडली. लाकूड, लगदा आणि कागद यांना जगात भाव असला की देशात तेजी यायची, मजुरी चढायची, किमती चढायच्या. मग जगातली मागणी ओसरायची आणि महाग झालेला फिनिश कागद पडून राहायचा. यावर ठरलेला उपाय म्हणजे अवमूल्यन. १९४९, १९५७, १९६७, मग १९७७-७८, मग १९८२. जवळजवळ दर दशकाला एकदा सरकार मार्काची किंमत उतरवी, कारखाने पुन्हा धावू लागत आणि आयात वस्तू महाग झाल्याने त्याचा भार साऱ्या जनतेवर थोडाथोडा पसरे. हा उपाय न्याय्य होता असे म्हणवत नाही. कारखानदार सावरत आणि पगारदाराची बचत झिजत असे. पण बेकारीची लाट त्यामुळे थोपवली जाई, हेही खरे.

१९९१ मध्ये मात्र जे कोसळले ते या सवयीने सावरण्यासारखे नव्हते.

सोव्हिएत संघाशी फिनलंडचा व्यापार ही एक अजब व्यवस्था होती. सोव्हिएत तेल यायचे. त्याच्या बदल्यात जहाजे, यंत्रे, कागद, कपडे, बूट जायचे. हिशेब रोकड्याने नव्हे, दोन्ही बाजूंच्या खातेवहीत मिटवला जाई. १९८० च्या दशकाच्या आरंभी फिनलंडच्या निर्यातीचा चौथा हिस्सा या एका गिऱ्हाइकाकडे जात होता. १९९० च्या अखेरीस ही व्यवस्था मोडली आणि पुढच्या वर्षी गिऱ्हाईकच नकाशावरून नाहीसे झाले. तिकडची निर्यात एका वर्षात सुमारे दोन-तृतीयांशाने घटली. पश्चिम युरोपातल्या कोणत्याही देशाला असा फटका बसला नव्हता. एकांड्या धक्क्याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

त्यात घरचे पापही होते. १९८० च्या दशकात कर्जावरचे निर्बंध सैल झाले होते आणि कंपन्यांनी परदेशी चलनात भरमसाट कर्जे घेतली होती. परदेशात व्याज कमी पडे, म्हणून. मार्का घसरला तर ही कर्जे एका रात्रीत फुगणार होती. म्हणून सरकारने तो घट्ट बांधून ठेवला. जून १९९१ मध्ये मार्का युरोपीय चलनांच्या सामायिक मापाशी, एक्यूशी, जोडला गेला. नोव्हेंबरात १२.३ टक्क्यांचे अवमूल्यन करावेच लागले. ८ सप्टेंबर १९९२ रोजी बंधन सुटले आणि मार्का बाजाराच्या हवाली झाला. निर्यातदार हळूहळू तरले, पण परदेशी कर्ज घेतलेले असंख्य उद्योजक बुडाले. १९९० मध्ये सुमारे ३ टक्के असलेली बेकारी १९९४ मध्ये १६ टक्क्यांच्या वर गेली. १९९० ते १९९३ या काळात देशाचे उत्पादन १० टक्क्यांहून अधिक आक्रसले.

येथे एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. हे सारे फिनलंडचे स्वतःचे चलन असताना घडले. चलन हाती असणे आणि ते वेळेवर वापरता येणे, या दोन वेगळ्या बाबी आहेत.

स्वीडनवर सोव्हिएत संकट कोसळले नाही. त्याचे दुखणे घरांच्या किमती आणि बँका यांचे होते. पण चलनाची कहाणी तीच. क्रोनाही १९९१ मध्ये एक्यूशी बांधलेला. १६ सप्टेंबर १९९२ रोजी, म्हणजे ब्रिटनचा पौंड ज्या दिवशी युरोपीय विनिमय-व्यवस्थेतून बाहेर फेकला गेला त्याच दिवशी, स्वीडिश मध्यवर्ती बँकेने क्रोना वाचवण्यासाठी बँकांना अल्पमुदतीने द्यायच्या पैशावरचा व्याजदर ५०० टक्के केला. पाचशे, छपाईची चूक नाही. तेवढे करूनही १९ नोव्हेंबरला क्रोना सोडून द्यावा लागला.

एकाच वादळातून बाहेर पडलेल्या या दोन देशांनी धडे मात्र वेगवेगळे घेतले.

स्वीडनने १९९५ मध्ये अर्थशास्त्रज्ञ लार्स कालमफोर्स यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग नेमला. नोव्हेंबर १९९६ मध्ये आलेला त्याचा अहवाल आजही वाचण्यासारखा आहे, तो त्याच्या संयमामुळे. आयोगाने युरोला नकार दिला नाही, थांबा म्हटले. बेकारी अजून मोठी आहे, सरकारी तिजोरी अशक्त आहे; अशा वेळी स्वीडनवर एकांडा धक्का आला आणि चलन हाती नसले, तर सावरायचे कशाने? शिवाय एवढा निर्णय जनतेच्या मनात मुरायला हवा. दार उघडे ठेवावे, पण १९९९ च्या पहिल्या तुकडीत जाऊ नये, असा त्याचा निष्कर्ष. १९९७ मध्ये संसदेने तोच मार्ग धरला.

आता फिनलंड. मंडेल यांचे सूत्र लावले तर थांबण्याची गरज स्वीडनपेक्षा फिनलंडला अधिक होती. निर्यात मोजक्या वस्तूंवर विसंबलेली, पूर्वेला अस्थिर रशिया, नुकताच सोसलेला एकांडा धक्का. तरी पंतप्रधान पाव्हो लिप्पोनेन यांच्या सरकारने पहिल्या तुकडीत जायचे ठरवले. ऑक्टोबर १९९६ मध्ये मार्का युरोपीय विनिमय-व्यवस्थेत शिरला आणि एप्रिल १९९८ मध्ये संसदेने युरोला मोठ्या बहुमताने मान्यता दिली. युरोवर वेगळे सार्वमत झाले नाही.

असे का? या देशाची रशियाशी तेराशे किलोमीटरहून लांब सीमा आहे आणि विसाव्या शतकात त्याच शेजाऱ्याशी त्याला दोन युद्धे लढावी लागली आहेत. पश्चिमेकडच्या प्रत्येक टेबलावर आपली खुर्ची असावी, ही त्याची तळमळ होती. अर्थशास्त्राच्या सूत्रात या तळमळीला जागा नव्हती. दुसरे कारण १९९२ चे. छोटे चलन हे सट्टेबाजांचे खेळणे होते, म्हणजे ते स्वतःच एका एकांड्या धक्क्याचे कारण ठरते, असे अनेकांचे मत बनले होते. १९९८ मध्ये रशियाचा रुबल कोसळला तेव्हा याचा प्रत्यय आला. नॉर्वे आणि स्वीडन यांची चलने हेलकावली. रशियाला खेटून असलेल्या फिनलंडचा मार्का मात्र युरोच्या उंबरठ्यावर शांत उभा होता.

धोका कोणाला दिसत नव्हता असे नाही. १९९७ मध्ये फिनिश कामगार संघटना आणि मालक यांनी एक करार केला. सुगीच्या दिवसांत सामाजिक विम्याची वर्गणी थोडी अधिक घ्यायची, गंगाजळी साठवायची आणि उद्या एकटा फिनलंड संकटात सापडला तर वर्गणी न वाढवता तीच वापरायची. चलनाच्या जागी ही गादी. कल्पना चांगली होती, गादी पातळ होती.

१ जानेवारी २००२ रोजी नोटा आणि नाणी बदलली. ५.९४५७३ मार्कांना एक युरो. १४१ वर्षांचे नाणे काही आठवड्यांत व्यवहारातून गेले.

स्वीडनने सार्वमत घेतले ते १४ सप्टेंबर २००३ रोजी. पंतप्रधान योरान पेर्शोन, बहुतेक मोठे पक्ष, उद्योगपती, वृत्तपत्रे युरोच्या बाजूने होती. मतदानाच्या चार दिवस आधी, १० सप्टेंबरला, होकाराच्या मोहिमेचा चेहरा असलेल्या परराष्ट्रमंत्री अ‍ॅना लिंड यांच्यावर स्टॉकहोममधील एका दुकानात चाकूहल्ला झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांचा मृत्यू झाला. देश हादरला. सहानुभूतीने कौल फिरेल असे अनेकांना वाटले. तो फिरला नाही. ५५.९ टक्के विरुद्ध, ४२ टक्के बाजूने. स्टॉकहोम परिसर होकाराकडे झुकला. उत्तरेच्या विरळ वस्तीच्या, जंगलांच्या प्रांतांनी ठाम नकार दिला. एका देशाच्या पोटातही धक्के सर्वांना सारखे बसत नाहीत, हे तिथल्या लोकांना सूत्र न वाचता ठाऊक असावे.

पहिली पाच-सहा वर्षे काहीच सिद्ध झाले नाही. दोन्ही देश भरभराटीत होते. फिनलंडमध्ये नोकियाचे राज्य होते. २००० मध्ये ही एक कंपनी देशाच्या उत्पन्नाच्या सुमारे ४ टक्के आणि निर्यातीचा साधारण पाचवा भाग होती. लाकडावरचे अवलंबन संपले, असे कौतुकाने बोलले जाई. ते संपले नव्हते. एका झाडाला बांधलेला दोर दुसऱ्या झाडाला बांधला गेला होता, इतकेच.

२००८ चे संकट आले ते सामायिक. अमेरिकेतून निघालेले, साऱ्या जगाला ग्रासणारे. सूत्राप्रमाणे येथे स्वतंत्र चलनाने विशेष फरक पडायला नको होता. पण इथे सूत्र अपुरे ठरते. २००९ मध्ये फिनलंडचे उत्पादन सुमारे ८ टक्क्यांनी घसरले. स्वीडनचे ४ ते ५ टक्क्यांनी. धक्का एकच असला तरी तो झेलणाऱ्या घरांची बांधणी वेगळी असते. फिनलंड विकत होता कागदाची यंत्रे, जहाजांची इंजिने, उद्वाहने, म्हणजे मंदीत गिऱ्हाईक सर्वांत आधी ज्यांची मागणी रद्द करते अशा वस्तू. शिवाय क्रोना घसरला. २००८ च्या उन्हाळ्यात एका युरोला साडेनऊच्या आसपास क्रोना मिळत. मार्च २००९ मध्ये साडेअकराच्या आसपास. स्वीडिश कागद आपोआप स्वस्त झाला, फिनिश कागद होता तिथेच राहिला. स्टुरा एन्सो या कंपनीचे उदाहरण बोलके आहे. १९९८ मध्ये एक फिनिश आणि एक स्वीडिश कंपनी एकत्र येऊन ती बनली. तिच्या काही कारखान्यांचा खर्च युरोत होता, काहींचा क्रोनात.

खरी परीक्षा त्यानंतर झाली. जग सावरू लागले, स्वीडन २०१० मध्ये झपाट्याने उभा राहिला आणि फिनलंडवर एकापाठोपाठ एक एकांडे धक्के आले.

पहिला नोकियाचा. २००७ मध्ये आयफोन बाजारात आला आणि सहा वर्षांत नोकियाने आपला मोबाइल व्यवसाय मायक्रोसॉफ्टला विकल्याचे जाहीर केले. दुसरा कागदाचा. लोक पडद्यावर वाचू लागले आणि छपाईच्या कागदाची मागणी कायमची उतरणीला लागली. कारखाने संकटाच्या आधीपासूनच बंद होत होते. दक्षिणपूर्वेतील व्होइक्काचा कागद कारखाना २००६ मध्येच थांबला होता. पंतप्रधान अलेक्झांडर स्टुब २०१४ मध्ये अर्ध्या विनोदाने म्हणाले होते, की अ‍ॅपलच्या एका उपकरणाने नोकिया खाल्ली आणि दुसऱ्याने कागद. तिसरा धक्का पूर्वेकडून. त्याच वर्षी क्रिमियानंतरचे निर्बंध आणि प्रतिनिर्बंध आले, रुबल घसरला. रशियासाठी तयार झालेले, रशियन लेबल लावलेले चीज हेलसिंकीच्या दुकानांत स्वस्तात विकले गेले. लोकांनी त्याला ‘पुतिन चीज’ नाव ठेवले आणि ते हातोहात संपले.

२०१२, २०१३, २०१४. सलग तीन वर्षे उत्पादन घटत राहिले. जुना फिनलंड असता तर या टप्प्यावर मार्का उतरला असता. आता व्याजदर फ्रँकफुर्टमध्ये, एकोणीस देशांचा विचार करून ठरत होते. चलन नसलेल्या प्रदेशाला सावरण्याच्या इतर वाटा मंडेल आणि त्यांच्यानंतरच्या अभ्यासकांनी सांगितल्या आहेत. लोकांनी कामासाठी दुसरीकडे जावे. पण फिनिश भाषा बोलणारा कारागीर म्युनिकला किती सहज जाणार? मध्यवर्ती तिजोरीतून मदत यावी; पण युरोपीय संघाचे अंदाजपत्रक त्याच्या एकूण उत्पन्नाच्या सुमारे एक टक्का. उरली शेवटची वाट. मजुरी उतरवणे.

अर्थशास्त्री याला अंतर्गत अवमूल्यन म्हणतात. नाण्याची किंमत उतरवता येत नाही, म्हणून माणसाच्या श्रमाची उतरवायची. मार्का घसरत असे तेव्हा हेच घडत होते, पण गुपचूप, किमतींच्या आड. आता ते प्रत्येक कामगाराच्या तोंडावर, टेबलावर बसून मागावे लागणार होते.

पंतप्रधान युहा सिपिला यांच्या सरकारने ते मागितले. १८ सप्टेंबर २०१५ रोजी हेलसिंकीच्या रेल्वे स्थानकासमोरच्या चौकात हजारो कामगार जमले. गाड्या, बंदरे ठप्प झाली. बोलणी मोडली, पुन्हा जुळली. अखेर जून २०१६ मध्ये ‘स्पर्धाक्षमता करार’ झाला. वर्षाला २४ तास अधिक काम, वाढीव मोबदल्याविना. सरकारी सेवकांच्या सुट्टीच्या बोनसमध्ये तीन वर्षे ३० टक्के कपात. मालकांच्या विमा वर्गणीचा काही भार कामगारांकडे. अनेक ठिकाणी ते २४ तास दिवसाला सहा मिनिटे असे वाटून घेतले गेले. सहा मिनिटांत कोणता कागद विकला जाणार, अशी थट्टा झाली. पण एका देशाला आपले चलन सोडण्याची किंमत इतक्या नेमक्या मापात मोजून मिळाल्याचे दुसरे उदाहरण आठवत नाही.

उत्पादनाने २००८ ची पातळी पुन्हा गाठली तोवर जवळपास दहा वर्षे उलटली होती. स्वीडनने तीच पातळी कितीतरी आधी ओलांडली होती. साराच फरक चलनाचा मानणे मात्र चुकीचे. नोकियाचे गिऱ्हाईक स्वस्त मार्कानेही परतले नसते. लोकांनी वृत्तपत्र हातात घेणे सोडले, त्यावर विनिमय दराचा इलाज नाही. शिवाय २००७-०८ च्या भरभराटीत फिनलंडने मजुरी सढळ हाताने वाढवून ठेवली होती. आणि डेन्मार्क तर युरोबाहेर राहूनही आपला क्रोन युरोशी घट्ट बांधून बसला आहे. स्वतंत्र चलनाने फिनलंडचे दुखणे टळले नसते. ते थोडे हलके झाले असते, लवकर सरले असते, इतकेच खात्रीने म्हणता येते.

२०२० मध्ये महासाथ आली. हा धक्का सर्वांचा होता आणि त्या वर्षी दोन्ही देशांचे उत्पादन जवळपास सारखेच, दोन ते अडीच टक्क्यांच्या आसपास घटले. त्याच वर्षाच्या वेतनकरारांत फिनिश कामगार संघटनांनी ती सहा मिनिटे परत मिळवायला सुरुवात केली.

मग २०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. फिनलंड आणि स्वीडन यांनी नाटोचे दार ठोठावले आणि क्रोना घसरत गेला. २०२३ मध्ये एका युरोला जवळजवळ बारा क्रोना मोजावे लागत होते. परदेशी सहलीला निघालेला स्वीडिश माणूस कुरकुरू लागला आणि युरोचा वाद वीस वर्षांनी पुन्हा वृत्तपत्रांत आला. त्या वादात एक जुने नाव होते, लार्स कालमफोर्स. १९९६ मध्ये थांबा म्हणणाऱ्या आयोगाचे अध्यक्ष आता युरोच्या बाजूने बोलत होते. त्यांच्या मतबदलामागचे मोठे कारण आर्थिक नव्हते, राजकीय होते. अशा काळात युरोपच्या गाभ्यात आपली जागा असावी, हे ते कारण. लिप्पोनेन यांच्या फिनलंडने १९९८ मध्ये युरो स्वीकारताना जवळपास हेच म्हटले होते.

हापारांडात आजही क्रोनाच चालतो. बहुतेक दुकानदार युरोही घेतात.